ओरेटाच्या पुलाचे खांब

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नवीन आलेली मुलं विचारतात, "मावशी, तुम्ही कुठे होता जॉबला?" मी सांगते, रेल्वेचे पूल तपासायचे. "म्हणजे सॉफ्टवेअर साइडला?" नाही रे बाबा, हातोडीने. मग ती हसतात आणि श्रीखंडाकडे वळतात. या अंकाच्या संपादिकाबाईंचा पार्सिपनीहून फोन आला, "शैलाताई, आयटीवर आणि ग्रीन कार्डवर ढीगभर आलंय, तुम्ही पुलांवर लिहा. फक्त टेक्निकल नको." आता पुलातलं टेक्निकल काढलं तर खाली नाला उरतो. तरी बघते.

आधी माझं सांगते. मी जालन्याची. वडील मोंढ्यात हमाल होते, आई बिड्या वळायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी, आणि औरंगाबादला सिव्हिल इंजिनिअर झालेली गल्लीतली पहिली मुलगीही मीच. हे मी संधी मिळेल तिथे सांगते. विनय, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "आता तरी पुरे कर." मला अजून पुरे झालेलं नाही.

विनयच्या व्हिसावर कॅन्सस सिटीला आले. काही वर्षं घरात बसून काढल्यावर कामाचं परमिट मिळालं, तेव्हा बऱ्या नोकऱ्यांना माझं वय जास्त वाटत होतं आणि डिग्री अनोळखी. शेवटी एका छोट्या फर्मने घेतलं, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं. सोमवारी गाडी घेऊन निघायचं, कॅन्सस आणि नेब्रास्कातल्या आडवळणाच्या लाइनींवर लाकडी पूल तपासत फिरायचं, शुक्रवारी घरी. विनय ऑफिसात सर्व्हर सांभाळायचा, मी नाल्यात उतरून खांब. मुलगी शाळेतून फोन करायची, "आई, डिड यू ईट?" मी पुलाखाली बसून धपाटा खात असायचे.

काम साधं आहे, सांगायला. जाड ओंडके जमिनीत ठोकून त्यांच्या रांगा उभ्या करतात, प्रत्येक रांगेवर आडवी तुळई, तुळयांवर रूळ. ओंडके आधी एका काळ्या तेलात मुरवलेले असतात म्हणून शंभर शंभर वर्षं टिकतात. सडतात ते बहुतेक एकाच जागी, जिथे खांब मातीत शिरतो त्या घोट्यापाशी. तिथे ओलही असते आणि हवाही. मग आम्ही काय करतो, तर खांबावर हातोडी मारत जातो. बाजारात मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. धड लाकूड हातोडीला उसळवतं, पोकळ लाकूड बद्द वाजतं. शंका आली तर बारीक पोकळ गिरमिट फिरवून आतली पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढायची आणि भोकात तेलात भिजवलेली खुंटी ठोकून ते बुजवायचं. मोंढ्यात अडते पोत्यात टोकदार नळी खुपसून आतलं धान्य बघायचे. तेच हे. वडिलांना फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्याला इतकं शिकायला कशाला लागतं?" त्यांना कुठे कळत होतं की कांडी काढणं सोपं, तिच्यावरून पूल चालू ठेवायचा की बंद करायचा हे सही करून सांगणं अवघड.

एकदा एका शेरीफने गाडी थांबवून मला नाल्यातून वर बोलावलं. कुणीतरी फोन केला होता की पुलाखाली एक सावळी बाई हातोडी आणि गिरमिट घेऊन उभी आहे. मी ओळखपत्र दाखवलं. तो ते बराच वेळ वाचत राहिला, मग म्हणाला, "मॅम, मग कसा आहे पूल?" म्हटलं, तुमच्यापेक्षा बरा, तुम्हाला धाप लागलीय. हसला बिचारा. पुढच्या वर्षी थर्मासभर कॉफी घेऊन आला.

आणखी एक शेतकरी होता. लाइन बंद होऊन रूळ उचलायची वेळ आली तेव्हा त्याने अर्ज केला की रूळ न्या, पूल ठेवा, माझ्या गाईंना दुपारची सावली लागते. मी गाईंना सावली पुरेल का याचा रिपोर्ट दिला नाही, पण त्याच्या गाई खरंच तिथे दाटीवाटीने उभ्या असायच्या, आणि मला हातोडी मारायला त्यांना ढकलून जागा करावी लागायची.

या गावांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे गाव आधी असतं, मग त्याला रस्ता मिळतो, नशीब असेल तर रेल्वे. या गवताळ सपाट मुलखात उलटं झालं. आधी रेल्वेने रूळ टाकले आणि मग रुळाला गावं लटकवली. अंतर ठरलेलं, शेतकऱ्याला घोडागाडीत गहू घालून येऊन दिवसात परत जाता यावं आणि इंजिनाला पाणी मिळावं इतकं. नकाशा लांबच्या ऑफिसात बसून एकदाच काढलेला. रुळाशेजारी धान्याचं उंच कोठार, त्याला इथे एलिव्हेटर म्हणतात, त्याच्यासमोरून निघणारा मुख्य रस्ता, कोपऱ्यावर बँक, पुढे चर्च. नावंसुद्धा कारकुनाने ठेवलेली, कुणा साहेबाच्या मुलीचं, कुणा भागीदाराच्या बायकोचं. ती मुलगी ते गाव बघायला कधी आली नसेल. त्यामुळे मी कुठल्याही नवीन गावात शिरले तरी मला पोस्ट ऑफिस कुठे ते न विचारता कळायचं. आणि बहुतेक गावांत ते बंद असायचं.

कारण नंतर ट्रक आले, रस्ते आले, शेतं मोठी झाली, माणसं कमी झाली. मोठ्या रेल्वे कंपन्यांनी या बारक्या फांद्या छोट्या कंपन्यांना विकल्या. छोट्या कंपन्या शेवटचा रस निघेपर्यंत त्या चालवतात आणि मग पूल नादुरुस्त झाला म्हणून बंद करतात. पूल नादुरुस्त झाला हे सांगायला माझ्यासारखी बाई लागते. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. नंतर कळलं, आणि कळूनही मी तेच काम करत राहिले. खोटं लिहून पूल उभा राहत नाही, त्याच्यावरून जाणारं इंजिन खाली येतं आणि त्यात माणसं असतात.

आता ओरेटा. खरं नाव लिहीत नाही. एका फांदीचं हे शेवटचं गाव, रूळ तिथेच संपतात. गावाच्या अलीकडे एक नाला आणि त्याच्यावर लांबलचक लाकडी पूल. तो पूल गेला की ओरेटा संपलं, असं तिथे सगळे बोलून दाखवायचे. एलिव्हेटर होता म्हणून चार माणसांना नोकरी होती, सुगीला ट्रकची रांग लागायची म्हणून कॅफे चालायचा, कॅफे चालायचा म्हणून लोक एकमेकांना भेटायचे. कॅफे मर्नाचा. मर्ना सत्तरीची, उंच, गावाची मेयरही तीच, कारण दुसरं कुणी उभं राहत नव्हतं. एलिव्हेटरचा मॅनेजर डेल. थोराड, कमी बोलणारा, टोपी डोक्यावर चिकटवल्यासारखी.

मर्ना मला शेली म्हणायची. पहिल्याच वर्षी तिने माझा डबा बघितला आणि धपाट्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. त्यानंतर दर वर्षी दारातूनच ओरडायची, "हनी, तो चटका देणारा टॉर्टिया आणलास का?" आणि बदल्यात मला पाय, म्हणजे भट्टीत भाजलेलं गोड सारणाचं पक्वान्न, खायला घालायची. सफरचंदाचा. मी त्यावर चिमूटभर मिरपूड टाकायचे आणि ती कपाळाला हात लावायची.

मधली काही वर्षं ती लाइन फर्ममधल्या दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे होती. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ती परत माझ्याकडे आली. कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी पूल नापास झाला तर नाल्यापलीकडचा भाग दुरुस्त न करता बंद करू. जून महिना, गव्हाची कापणी जोरात. एलिव्हेटर भरून गहू बाहेर जमिनीवर डोंगरासारखा ओतलेला, आणि तो न्यायला आगगाडी येणार होती, मी हो म्हटलं तर.

नाल्यात उतरले आणि थबकले. सगळ्या खांबांना घोट्यापासून छातीपर्यंत काँक्रीटच्या गोल कुंड्या घातलेल्या. गुळगुळीत, एकसारख्या, वर काळा रंग. एखाद्या लग्नमंडपाचे खांब शोभले असते.

डेल मागून उतरला होता. "कसं वाटतंय, मॅम?"

"हे कुणी केलं?"

"आम्ही. कंपनी करेना. तुम्ही तेव्हा लिहिलं होतंत ना, काही खांब घोट्याशी सडायला लागलेत म्हणून. मग दोन-तीन रविवार, चर्चनंतर."

इथल्या शेतकऱ्याला कुंपणाचा खांब हलायला लागला की भोवती काँक्रीट ओतायची सवय. शिवाय ही एलिव्हेटरची माणसं, काँक्रीट त्यांच्या हातचा मळ. रेल्वेच्या हद्दीत पाय ठेवणंसुद्धा गुन्हा, पण कंपनीला फुकटात होत होतं म्हणून तिने बघितलं नाही, आणि माझ्या आधीच्या माणसाने 'काँक्रीटने मजबूत केले' असं लिहून पुढची लाइन धरली.

"सगळ्यांना का घातलं?" मी विचारलं. "सडलेले थोडेच होते."

डेलने खांदे उडवले. "थोड्यांनाच घातलं तर बरं नसतं दिसलं."

मी हातोडी काढली आणि परत खिशात ठेवली. काँक्रीटवर मारून काय ऐकणार? अडचण अशी की लाकूड आणि काँक्रीट एकमेकांना कधी घट्ट धरत नाहीत. मध्ये केसाएवढी फट राहते. पाऊस खांबावरून ओघळतो, त्या फटीत उतरतो आणि बसतो. बाहेर पडायला वाट नाही, सुकायला वारा नाही. तेलाने जी जागा शंभर वर्षं सांभाळली, तिला यांनी पाण्याच्या भांड्यात उभं केलं होतं.

"डेल, मला आत बघावं लागेल. फोडाव्या लागतील काही."

तो वर गेला आणि ब्रेकर मशीन घेऊन आला. पहिली कुंडी त्याने स्वतः फोडली. तिच्यात जुना सडका खांब होता, मला अपेक्षाच होती. मग मी एका खांबाकडे बोट दाखवलं. हा मला आठवत होता. मागे ही लाइन माझ्याकडे असताना त्याने माझी हातोडी मनगटापर्यंत उसळवली होती. डेलने काँक्रीट फोडलं. कवच खाली पडलं आणि आतलं लाकूड मी बोटांनी काढलं. भिजलेल्या तंबाखूसारखं हातात आलं. तिसरा तसाच. चौथा. डेल मशीन बंद करून त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "अजून?"

"नको. कळलं."

वर आल्यावर त्याने विचारलं, "एक गाडी. एकच. माणूस चालतो त्या वेगाने. जमिनीवरचा गहू तेवढा उचलला की मग बंद करा. ढग बघताय ना?"

ढग मी बघत होते. "नाही डेल. ड्रायव्हरला घरी बायको-पोरं आहेत."

"तो आमच्या मर्नाचा भाचा आहे, मॅम."

"मग तर नाहीच."

गाडीत बसून केविनला, म्हणजे माझ्या बॉसला, फोन केला. तो म्हणाला, "ओके, आउट ऑफ सर्व्हिस. क्लायंट खूश होईल." मी म्हटलं, मी हेही लिहिणार आहे की हा पूल दुरुस्त होऊ शकतो, खराब रांगांत नवे खांब ठोकले की झालं. "शेली, त्यांनी ते विचारलेलं नाही." "मग न विचारता सांगते." तो सुस्कारा टाकून म्हणाला, "तुझी मर्जी. कुणी वाचणार नाही."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. कुणी वाचलं नाही. नापास एवढंच वाचलं. गहू काही भिजला, बाकीचा ट्रकने गेला. रूळ आता नाल्याच्या अलीकडे थांबतात. डेल दूरच्या मोठ्या एलिव्हेटरवर कामाला जातो, मर्नाचा कॅफे आठवड्यातले काही दिवस उघडतो. मी खरं लिहिलं आणि ते ज्यांना हवं होतं त्यांच्याच कामी आलं. अशा किती गावांत मी शेवटची सही करून आले असेन. विनय म्हणतो, तू सडवलं नाहीस ना, मग झालं. झालं खरं. पण रिटायर होऊन बसल्यावर माणसाला दमणूक कळते, काम करताना कळत नाही.

त्या संध्याकाळचं मात्र राहिलं.

माझी एक पद्धत होती. जे लिहिणार ते आधी गावात तोंडाने सांगायचं, मग निघायचं. कंपन्यांना ती आवडायची नाही, आणि खरं तर मलाही नको वाटायची. पण वडिलांच्या मोंढ्यात माल नाकारला तर तो धन्याच्या तोंडावर नाकारायचा असायचा, मागून नाही. मर्नाने कॅफेत लोकांना बोलावलं. दहा-पंधरा माणसं, बहुतेक म्हातारी. त्याआधी तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बंद?"

"बंद."

तिने ओटा पुसायला घेतला. स्वच्छच होता. "ते काँक्रीट, त्याचं काही... त्याने बिघडलं का?"

मी नखांत अडकलेला लाकडाचा भुगा काढत राहिले. तिला कळलं.

"ते डेलच्या डोक्यातून निघालं होतं. त्याची बायको जाऊन वर्ष नाही झालं, शेली. त्याला नको सांगूस. कंपनीने सडवलं म्हण. खोटंही नाही ते."

खोटं नव्हतं. कंपनीने वेळेत दोन-चार खांब बदलले असते तर काही झालंच नसतं. मी बाहेर गेले आणि तेवढंच सांगितलं. पूल बंद होणार, खांब आतून गेलेत, कंपनीने वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही, दुरुस्त होऊ शकतो असं मी लिहीन पण आशा धरू नका. कुणी ओरडलं नाही. मला वाटतं ओरडले असते तर बरं झालं असतं. एका बाईने कॉफी ओतायला सुरुवात केली, कारण काहीतरी करायला हवं.

मग मागच्या टेबलावरून डेल उठला. टोपी काढून हातात धरली. त्याचं डोकं मी पहिल्यांदाच बघितलं.

"मॅम, एक प्रश्न. चांगल्या खांबांना आम्ही हात लावला नसता तर?"

मर्ना काउंटरच्या मागून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने फोडून बघितलं होतं, आणि सगळ्यांसमोर विचारत होता. त्याला उत्तर माहीत होतं. त्याला ते कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं.

"चांगले आजही चांगले असते," मी म्हटलं. "पूल काही वर्षं चालला असता."

तो मान हलवत राहिला. "थँक यू, मॅम," आणि मग सगळ्यांकडे वळून, "ऐकलंत ना. काँक्रीट माझी कल्पना होती. कंपनीला शिव्या घाला, पण हेही लक्षात ठेवा."

कुणीतरी कप खाली ठेवला.

"मिक्सर माझा होता," खिडकीजवळचा एक म्हातारा म्हणाला.

"साचे मी धरले होते," मर्ना काउंटरमागून म्हणाली. "सगळे रविवार. माझी पाठ अजून धरलीय, डेल, सगळं श्रेय एकटा नको घेऊस."

"सिमेंट माझ्या ट्रकमधून आलं."

"रंग आमच्या चर्चचा उरलेला."

असं एकेक करत ते बोलत गेले, हात वर करून, शाळेत हजेरी देतात तसे. शेवटी कोपऱ्यातले एक आजोबा उरले. त्यांना ऐकू कमी येत होतं. शेजारच्या बाईने त्यांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकलं, काठी टेकून उभे राहिले आणि डेलकडे बघून म्हणाले, "थोड्यांनाच घातलं तर बरं नाही दिसत, असं म्हणालो होतो तो मी. तू तर सगळ्यांना नको म्हणत होतास."

डेल हसला. आवाज न करता, खांदे हलवत, आणि मग टोपीत तोंड लपवून. मर्नाने पाय कापायला घेतला. पहिला तुकडा तिने माझ्यासमोर ठेवला.